आर्ट्स फॅकल्टीचा घुमट आणि लंडनमधलं एक चर्च

दांडियाबाजार

बडोद्यात राहणाऱ्याला रॉबर्ट फेलोज चिझम या ब्रिटिश आर्किटेक्टचं नाव ठाऊक असो वा नसो, त्याच्या इमारती चुकवून शहरात फिरता येत नाही. स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूला बाहेर पडा, आर्ट्स फॅकल्टीचा घुमट. कमाटीबागेत पोरांना घेऊन जा, म्युझियम. सुरसागरला वळसा घालून लहेरीपुऱ्याकडे निघा, न्यायमंदिर. लक्ष्मीविलासचा आराखडा मेजर मँट या लष्करी इंजिनिअरचा, पण मँट १८८१ साली गेला आणि १८९० पर्यंत तो राजवाडा उभा करून दिला चिझमनेच.

या चिझमचं लंडनमध्ये एक चर्च आहे, आणि आपल्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलीकडे गेलो होतो तेव्हा पाहून आलो, म्हणून हा धागा.

चेल्सीत स्लोन स्क्वेअरपासून दोन मिनिटांवर स्लोन टेरेस नावाची गल्ली आहे. तिथे ख्रिश्चन सायन्स पंथाच्या 'फर्स्ट चर्च ऑफ ख्राइस्ट, सायंटिस्ट' या मंडळीसाठी त्याने ही इमारत बांधली, १९०७ साली. म्हणजे मद्रास आणि बडोदा आटोपून, साठी ओलांडल्यावर. आज ती कॅडोगन हॉल म्हणून ओळखली जाते आणि तिथे मैफिली होतात. पांढरट पोर्टलंड दगड, अर्धगोल कमानी, एका अंगाला उंच सडसडीत मनोरा. शेजारपाजारची घरं लाल विटांची, त्यामुळे ही गल्लीच्या तोंडापासूनच वेगळी पडते. शैलीचं नाव विचाराल तर बायझंटाइन, तेही जरा सैल हाताने केलेलं.

लंडनमधल्या चर्चांची आपल्याला जी सवय असते ती इथे मोडते. आत वेदी नाही, क्रूसावरचा येशू नाही. हा पंथ अमेरिकेतला. मेरी बेकर एडी या बाईंनी १८७९ साली बॉस्टनकडे सुरू केला. त्यांच्यात पाद्री नसतो. रविवारी दोन वाचक समोर उभे राहून बायबलमधला आणि बाईंच्या ग्रंथातला मजकूर वाचतात, मंडळी ऐकतात. बुधवारच्या सभेत आपापले अनुभव सांगतात. असल्या पंथाला गर्भगृह किंवा मिरवणुकीचा लांब मार्ग काय करायचा? त्यांना हवं होतं चौदाशे माणसं बसतील, सगळ्यांना समोरचा दिसेल आणि शब्द न् शब्द शेवटच्या रांगेत पोचेल असं एक दालन. चिझमने तेच दिलं. खाली बैठक, वर सज्जा, मध्ये खांबांची दाटी नाही.

काचेची तावदानं डेन्मार्कच्या बॅरन आरिल्ड रोझेनक्रान्त्स या चित्रकाराची. संत, देवदूत वगैरे काही नाही. एकात एक गुंतलेल्या गाठींची भौमितिक नक्षी आहे नुसती. मी बाल्कनीत बसलो होतो. मैफल सुरू व्हायच्या आधी अर्धा तास बाहेर उजेड होता, तेव्हा ती काच फिकट पिवळी-हिरवी दिसत होती. उजेड गेला तशी ती भिंतीत मिसळून गेली. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलातली काच आठवली का? आठवली. पण ती रंगांनी बोलते, ही जवळजवळ गप्प आहे.

आता मुद्दा. या इमारतीत बडोदं दिसतं का? मला वाटतं दिसतं, पण नक्षीत शोधाल तर फसाल. झरोका नाही, छत्री नाही, जाळी नाही. बडोदं आहे ते वस्तुमान मांडण्यात: जड, थोडं बसकं शरीर आणि त्याच्या कडेला, मधोमध मुळीच नाही, एक उंच मनोरा. लक्ष्मीविलासचा मनोरा असाच बाजूला आहे. एका अंगाला भार टाकून इमारत तोलायची ही खोड त्याला मँटच्या आराखड्यावर काम करताना लागली असावी, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा.

सुरसागर

वा! बडोद्यात जन्म गेला, हे पहिल्यांदा कळतंय. एक शंका. न्यायमंदिरालाही बायझंटाइन म्हणतात, या चर्चलाही म्हणतात. मला तरी दोन्ही एका घराण्यातल्या वाटत नाहीत. हा शब्द इमारतीत नेमका कशाला लावतात? विटामातीदादा, तुम्ही असाल तर सांगा ने.

विटामाती

हजर.

थोडक्यात सांगायचं तर बायझंटाइन म्हणजे चौकोनी दालनावर गोल घुमट बसवण्याची एक युक्ती, आणि त्या युक्तीतून आलेलं रूप. खोली चौकोनी, घुमट गोल. गोलाकार कडं चौकोनावर ठेवलं की चारही कोपरे उघडे पडतात. इस्तंबूलच्या हागिया सोफियात (इ. स. ५३७) त्यांनी चार बाजूंना चार मोठ्या कमानी उभारल्या आणि दोन कमानींच्या मधला कोपरा आत झुकणाऱ्या वळणदार त्रिकोणाने भरून काढला. असे चार त्रिकोण वर जाऊन मिळाले की गोल कडं तयार. त्यावर घुमट. सुमारे ३१ मीटर व्यासाचा.

आपल्याकडे विजापूरच्या गोल घुमटात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. तिथे आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, दोन चौकोन एकावर एक तिरके ठेवल्यासारखी त्यांची रचना आहे. त्यामुळे दालन आतल्या बाजूने पुढे सरकत अरुंद होतं आणि सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट त्यावर बसतो. सोपं नाही हे. घुमटाचा खालचा भाग सतत बाहेर फाकायला बघतो, आणि विटा-चुन्याला दाब चालतो, ताण चालत नाही. विजापूरच्या कमानींचा पुढे आलेला भाग आत झुकलेला असल्यामुळे तो त्या फाकण्याच्या विरुद्ध भार टाकतो. १६५६ साली हे जमवलं त्यांनी.

आता चिझम. त्याने बडोदा कॉलेजवर, म्हणजे आपल्या आर्ट्स फॅकल्टीवर, १८८० च्या दशकात लंडनच्या आर्किटेक्ट लोकांच्या रॉयल इन्स्टिट्यूटपुढे निबंध वाचला होता. विषयच हा होता: गायकवाडांचं नवं कॉलेज आणि हिंदुस्थानातली घुमट बांधण्याची पद्धत. त्या काळी विलायतेत घुमट म्हटलं की आधी खाली लाकडाचं अख्खं जंगल उभारायचं, त्यावर साचा आणि मग चिनाई. देशी गवंडी तसं करत नसे. कारण घुमटाचा प्रत्येक थर हे एक पूर्ण कडं असतं. कडं पुरं झालं की दहीहंडीच्या तळच्या थरातल्या गोविंदांसारखे दगड एकमेकांना अडवून धरतात, आत पडू शकत नाहीत. धोका असतो तो कडं अर्धवट असताना, आणि तोही वरच्या उतरत्या थरांतच. तेवढ्यापुरता चुना धरेपर्यंत आधार द्यायचा. सेंटरिंगचा, म्हणजे खालच्या लाकडी आधाराचा, खर्च वाचतो, लाकूड वाचतं.

म्हणून सुरसागर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: न्यायमंदिरातला मधला उंच हॉल आणि त्याभोवतीच्या कमानी पाहिल्या तर बायझंटाइन हा शब्द रचनेला लागतो. लंडनच्या चर्चला तो जास्त करून चेहऱ्याला लागतो. रस्त्यावरून मोठा घुमट कुठे दिसतो तिथे? अर्धगोल कमानी, मनोरा, जड दगडी भिंती, इतकंच. दांडियाबाजारभाऊ, मनोरा बाजूला असणं ही बडोद्याची खोड नव्हे. इटलीत शेकडो वर्षं चर्चचा घंटामनोरा बाजूलाच असतो.

कॉमर्सवाला_९२

आर्ट्सच्या घुमटाबद्दल: 'गोल घुमटानंतर हिंदुस्थानात दुसरा मोठा' असं बडोद्यात प्रत्येक जण सांगतो, रिक्षावालेसुद्धा. फूटपट्टी कुणी काढत नाही. पण लांबून पाहिला की खरं वाटतं, त्यात काही वाद नाही. आमचं कॉलेज बाजूला, तरी आम्ही दुपारी आर्ट्सच्या पायऱ्यांवरच पडीक. वर्गात उन्हाळ्यात पंखा नसला तरी जीव जात नसे. भिंतींची जाडी आणि उंच छत. हे मात्र आजच्या काचेच्या इमारती बांधणाऱ्यांनी येऊन बघावं.

अरविंद घोष याच कॉलेजात शिकवत होते हे सांगायचं राहिलं कुणाचं तरी.

थेम्सकाठी

मी मूळची नवापुऱ्यातली, आता अनेक वर्षं इथे लंडनला. या हॉलला नेहमी जाते, तेव्हा चार गोष्टी माझ्याही.

आधी विरोध नोंदवते. दांडियाबाजारकाका, तुम्हाला जिथे बडोदं दिसतं तिथे मला वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल दिसतं. व्हिक्टोरिया स्टेशनजवळचं रोमन कॅथलिकांचं मोठं चर्च ते, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी वेगळी. जॉन फ्रान्सिस बेंटली नावाच्या आर्किटेक्टने १८९५ ते १९०३ मध्ये ते बायझंटाइन शैलीत बांधलं. लाल विटा, मध्ये पांढऱ्या दगडाचे पट्टे, आणि बाजूला उंच मनोरा. तिथून स्लोन टेरेस चालत जाण्याइतकं जवळ. चार वर्षांनी जवळच दुसरं चर्च बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते नसेल का? शिवाय गिऱ्हाइकाची आवड असतेच. बॉस्टनला याच पंथाने आपल्या मूळ चर्चला १९०६ साली जोड इमारत केली, ती प्रचंड घुमटाची. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची शैली, नको हे त्यांचं धोरण दिसतंच. गॉथिक म्हणजे इथे जुनं, प्रस्थापित चर्च. नव्या पंथाला आपला चेहरा वेगळा हवा असतो.

याच गल्लीच्या पलीकडे स्लोन स्ट्रीटवर होली ट्रिनिटी आहे, जॉन सेडिंगचं, १८८८ ते ९० मधलं. ते गॉथिक आणि हस्तकारागिरीचं माहेरघर. दोन्ही एका दुपारी पाहता येतात आणि पाहावीतच. वीस वर्षांच्या आत, एका मोहल्ल्यात, दोन चर्चं, आणि देवाकडे जायच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा.

आता या इमारतीचं पुढे काय झालं ते. मंडळी कमी होत गेली. १९९६ च्या सुमारास त्यांनी इमारत सोडली. मग हॅरॉड्स या बड्या दुकानाचे तेव्हाचे मालक मोहम्मद अल फायद यांनी ती घेतली, राहायला महाल करायचा म्हणून! पण ही वास्तू संरक्षित यादीत आहे, आतले बदल करायला परवानगी लागते. ते जमेना. शेवटी २००० साली कॅडोगन इस्टेटने विकत घेतली. चेल्सीतली बरीच जमीन यांचीच, अठराव्या शतकापासून. त्यांनी आत डागडुजी आणि बदल करून २००४ साली मैफिलींचा हॉल केला. रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्राचं घर आता तेच. २००५ पासून बीबीसी प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवातल्या छोट्या मैफिलीही तिथे होऊ लागल्या. चौदाशेच्या जागी आता सुमारे साडेनऊशे खुर्च्या. आजच्या माणसाला पाय पसरायला जागा लागते.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: वेदी नसल्यामुळे ही इमारत वाचली. इतर चर्चं बंद पडली की तिथे फ्लॅट होतात, दारूचे गुत्ते होतात, कारण लांबट दालन, खांबांच्या रांगा, टोकाला गर्भगृह, त्यात दुसरं काही बसत नाही. हे मुळातच ऐकण्याचं दालन होतं. वाचकाच्या जागी वादक आले, बस्स.

जाणाऱ्यांसाठी: स्लोन स्क्वेअरच्या ट्यूब स्टेशनात प्लॅटफॉर्मवर उभं राहून वर बघा. डोक्यावरून एक जाडजूड लोखंडी नळ आडवा गेलाय. त्या नळातून वेस्टबोर्न नावाची नदी वाहते. आख्खी नदी!

सुरसागर

नदी नळातून? विश्वामित्रीचं असं करायचं कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणजे मिळवली.

दांडियाबाजार

थेम्सकाठी, उत्तर देतो, कारण तुझा मुद्दा जोरदार आहे.

वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल पुरं झालं १९०३ साली. न्यायमंदिर उघडलं १८९६ साली. म्हणजे बेंटलीच्या भिंती लंडनला उठत होत्या तेव्हा चिझमचं बायझंटाइन बडोद्यात उघडून झालं होतं. लंडनची फॅशन त्याने उचलली हे मान्य केलं तरी, उचलण्याआधी हात बसलेला होता तो आपल्या गावात. कॅथेड्रल पाहून त्याला नवं काही सुचलं असेल यापेक्षा, आपण केलेलं आता इथेही चालतंय हे पाहून त्याला बरं वाटलं असेल.

आणि या माणसाचं सगळं काम एका ओळीत ठेवून बघ. १८६४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची स्पर्धा जिंकला, तेव्हा इटालियन धाटणी. मग नेपियर गव्हर्नर असताना मद्रासेत इंडो-सारासेनिकची, म्हणजे देशी आणि मुसलमानी घडण मिसळलेल्या शैलीची, लाट आली, त्याने चेपॉकच्या नवाबी महालाला मनोरा जोडला, सीनेट हाउस बांधलं. त्रिवेंद्रमला नेपियर म्युझियम (१८८०) केलं तर तिथल्या घरांची उतरती छपरं, लाकडी कोरीव त्रिकोण उचलले. मदुरेचा तिरुमल नायकाचा पडका महाल दुरुस्त केला. रंगूनला होली ट्रिनिटी कॅथेड्रलचा आराखडा केला, तो मात्र गॉथिक. म्हणजे एकच शैली घेऊन गावोगाव फिरणारा हा नव्हे. जागा, गिऱ्हाईक आणि तिथले गवंडी पाहून तो बोलायचा. मग लंडनला आल्यावर तो बायझंटाइन का बोलला? मला वाटतं, मोठं, मोकळं, एका छताखालचं दालन कसं उभं करायचं हे त्याने बडोद्यात, कॉलेजात आणि न्यायमंदिरात, पुरतं शिकून घेतलं होतं. ऐकण्याचं दालन हवं म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं आणि ते शिकलेलं कामी आलं.

मनोऱ्याचं विटामातीदादांचं म्हणणं मान्य. इटलीतून येऊ दे. पण दालनाचं सोडत नाही.

जुनाबडोदेकर

मुलांनो, वाचून बरं वाटलं. मँटबद्दल थोडं.

कोल्हापूरकर पाहुणे आले की मी त्यांना लक्ष्मीविलास दाखवतो आणि सांगतो, तुमचा नवा राजवाडा बांधणारा हाच. मेजर चार्ल्स मँट, रॉयल इंजिनिअर्समधला. अजमेरचं मेयो कॉलेजही त्याचं. इतकी कामं एकाच वेळी अंगावर घेतली होती की डोकं बधिर व्हावं. त्याची गोष्ट बडोद्यात अशी सांगतात की आपली गणितं चुकली, राजवाडे कोसळणार, असा त्याने ध्यास घेतला आणि त्यातच तो गेला. आमच्या आजोबांच्या तोंडी हे वाक्य होतं. ऐकीव आहे हे लक्षात ठेवूनच ऐकायचं. राजवाडा मात्र एका विटेनेही हलला नाही, इकडचाही आणि कोल्हापूरचाही.

न्यायमंदिर. हे न्यायमंदिर झालं पुढे. आधी ते चिमणाबाई मार्केट होतं, भाजी विकायला बांधलेलं! तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेबांच्या नावाने. १८९६ साली व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनच्या हस्ते उघडलं. एवढ्या उंच हॉलात वांगी-मेथी विकायची म्हणजे जरा अतीच झालं, आणि मग तिथे कोर्ट बसलं. माझी उमेदीची वर्षं त्या इमारतीत वकिलांच्या मागे फायली घेऊन फिरण्यात गेली. आवाजाचं सांगतो. मधल्या हॉलात कुणी खोकलं तर वरच्या मजल्यावर कळायचं. बेलिफाने पुकारा केला की नाव तीन वेळा ऐकू यायचं, एकदा त्याच्या तोंडून आणि दोनदा भिंतींकडून. पक्षकार गोंधळून भलत्याच दाराकडे पळत. २०१८ साली कोर्ट दिवाळीपुऱ्याला नव्या जागेत गेलं.

म्हणून त्या लंडनच्या पोरीने लिहिलं ते मला भिडलं. एक चर्च, देव निघून गेला तर गाणं आलं. आमच्या इथे भाजी गेली तर कोर्ट आलं. कोर्टानंतर काय, हे ठरवताना आवाजाचा विचार व्हावा. त्या हॉलात भाषण नको आणि गाणं तर मुळीच नको, शब्द फुटतो. शांतपणे बघायचं काही ठेवा.

विटामाती

काका, शंभर टक्के. उंच छत, गुळगुळीत कठीण पृष्ठभाग आणि वळणदार भिंती असल्या की आवाज बराच वेळ फिरत राहतो. घुमट तर आवाज गोळा करून एका ठिकाणी आणून टाकतो. विजापूरला वरच्या सज्जात कुजबूज पलीकडच्या टोकाला ऐकू येते ती त्यामुळे. गंमत म्हणून ठीक, कोर्टात वाईट. लंडनच्या दालनात गाद्यांच्या खुर्च्या, लाकूड आणि साडेनऊशे माणसांचे कपडे आवाज पितात. शिवाय ऐकण्याच्या कामासाठीच ते बेतलेलं.

दांडियाबाजारभाऊंचं 'दालन' मात्र मला आता पटायला लागलंय, एका अटीवर. बडोद्यात चिझमने मोकळं दालन साधलं पण त्यात ऐकू येणं साधलं नाही. लंडनमध्ये दोन्ही साधलं. म्हणजे तो बडोद्यातून काय घेऊन गेला यापेक्षा बडोद्यात काय करायचं राहिलं होतं, ते त्याने तिकडे केलं.

दांडियाबाजार

हे आवडलं. माझ्या म्हणण्यापेक्षा नेमकं आहे.

माहेर_तंजावर

मी सासरची बडोद्याची, माहेर तंजावर, तिथल्या मराठ्यांपैकी. घरी आमची मराठी ऐकून इकडचे लोक हसतात, असो. चिझमच्या बाबतीत एक जुळणी कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

मद्रासचा चिझम १८८० च्या पुढे-मागे बडोद्याला येतो, त्याच सुमारास तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई बडोद्याची राणी होते. लग्न १८८० चं. त्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर आंदणात तंजावरच्या नर्तकी आणि वादक आले, म्हणून आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात ते तेव्हाच बडोद्याच्या दरबारात नाचलं गेलं. १८८५ साली त्या गेल्या, अगदी तरुण वयात. मार्केटला त्यांचं नाव, रावपुऱ्याच्या घड्याळाच्या टॉवरलाही त्यांचंच, दोन्ही १८९६ ची. म्हणजे न्यायमंदिर हे मद्रासेत घडलेल्या आर्किटेक्टने तंजावरच्या मुलीच्या आठवणीसाठी गुजरातेत मराठी राजाच्या पदरी बांधलेलं बायझंटाइन भाजी मार्केट आहे. पुढच्या वेळी गाईड नुसतं 'ब्रिटिश स्टाइल' म्हणाला तर त्याला हे वाक्य पाठ करायला द्या.

मद्रासला गेलात तर मरीना बीचच्या रस्त्यावर सीनेट हाउस बघा, १८७९ साली पुरं झालं. आर्ट्स फॅकल्टीचा थोरला भाऊ वाटतो. तिथेही मोठा हॉल, कोपऱ्यांना मनोरे, रंगीत काच. विटामातीदादांना तिथे टाळी वाजवून बघायला आवडेल.

थेम्सकाठी

ताई, काय वाक्य आहे! सेव्ह केलं.

फत्तेगंज_कॅम्प

चर्चचा धागा आहे आणि बडोद्याच्या चर्चचं कुणी नावच काढलं नाही. आमचा फत्तेगंज म्हणजे जुना कॅम्प, इंग्रजी फौजेची छावणी. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर उत्तर हिंदुस्थानातून मुंबईला जाताना १८२५ साली बडोद्याला थांबला होता, दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत. दरबारात महाराजांची भेट घेतली त्याने. गुजरातेतल्या खेडा गावाचं चर्च, पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज, दोन्ही त्याच दौऱ्यात त्याच्या हस्ते पवित्र झालेली. पुढच्याच वर्षी तो त्रिचनापल्लीला गेला, म्हणजे वारला.

ती चर्चं आणि चिझमचं चर्च यांच्यातला फरक पाहण्यासारखा आहे. छावणीची चर्चं लष्करी इंजिनिअरांनी नकाशाच्या पुस्तकावरून बांधलेली: जाड खांबांचा ओसरा, उतरतं छप्पर, उन्हाला हिरव्या झडपा. पुण्याचं सेंट मेरीज बघा ना, लेफ्टनंट नॅशचं. साधी, पण आपल्या हवेला शहाणी. या इमारतींवर लिहायला पाहिजे कुणीतरी. मी फोटो काढतोय, उन्हं उतरल्यावरच बरे येतात. धागा वेगळा काढतो, इथे गर्दी नको.

कॉमर्सवाला_९२

काढा काढा. पुण्याचे फोटो असतील तर तेही टाका.

एक प्रश्न राहिला: लंडनचा तो हॉल तिकिटाशिवाय आतून बघता येतो का? मे महिन्यात भावाकडे जाणार आहे, पण वेस्टर्न संगीत आणि मी, दोघांचं जमत नाही.

थेम्सकाठी

नुसतं डोकावायला मिळेलच असं नाही, कार्यक्रम असला तरच दारं उघडी. दुपारची एखादी मैफल असेल तर ती घ्या, तासाभरात सुटका होते आणि तावदानं उजेडात दिसतात, रात्री ती बघून उपयोग नाही. जागा वरच्या सज्जात बाजूची घ्या. तिथून स्टेज तिरकं दिसतं पण सगळं दालन एका नजरेत येतं, आणि तुम्हाला तेच बघायचंय.